सखाभाऊंच्या आवाजाची जागा

मांडवीत आमच्या कुंपणाला लागून सखाराम नागवेकरांचं घर. सगळं आयुष्य मासेमारीच्या लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, म्हणून गेलं, म्हणजे इंजिनाच्या धडधडीवरून खलाशांवर ओरडण्यात गेलं. तो आवाज घरी येऊनही लहान होत नसे. मथुरावहिनींना नुसतं "अगो, मीठ दे" म्हणाले, तरी आमच्या घरात मिठाची बरणी सरकायची. मी त्यांना म्हणायचो, सखाभाऊ, तुमच्या घरातल्या बातम्या काढायला काही कष्टच पडत नाहीत, माझी आळीतली पत जाते अशानं.

घशाच्या कॅन्सरनं तो आवाज नेला. मुंबईला ऑपरेशन ठरलं, स्वरयंत्रच काढायचं होतं. त्याआधी मुलानं, संदेशनं, बापाला पडवीत बसवून फोनवर वाक्यं बोलून घेतली. संदेश कुठल्याशा कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम घरी बसूनच करतो. बंदरावर लागणारी वाक्यं, डॉक्टरकडे लागणारी, आल्यागेल्याला म्हणायची. माझ्यासाठीही एक होतं: "बस, चहा येईतो कुणाची तरी निंदा कर." संदेशसाठी खास एक शिवी होती, ती द्यायला सखाभाऊ ताठ बसले होते, घसा साफ करून.

ऑपरेशननंतर त्यांच्या हातात एक टॅब आला. चित्रावर बोट ठेवलं की सखाभाऊ बोलायचे, त्यांच्याच आवाजात. बंदरावर परत जाऊ लागले. बाबू खलाशी टिवल्याबावल्या करताना दिसला की पाठीमागून दटावणी ऐकू यायची आणि तो सवयीनं दचकायचा.

टॅबवरचा तो प्रोग्रॅम संदेशनंच लिहिलेला, त्यात तो सारखी काही ना काही सुधारणा करी. प्रोग्रॅम लिहून झाला की कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर तो चालवता येईल असा बांधतं, आणि बांधून झालेल्या फाइली कुठे ठेवायच्या ते आपण त्याला सांगायचं असतं. संदेश त्या आपल्या लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये काढी आणि मग टॅबवर नेऊन टाकी. लॅपटॉप कंपनीचा, त्यात घरचं काही ठेवायची परवानगी नाही, म्हणून रेकॉर्डिंगं तेवढी टॅबवरच्या फोल्डरमध्येच होती. ज्या फोनवर ती केली तो मध्येच बिघडून गेला.

मग एका रविवारी त्याला ही ने-आण नकोशी झाली. घरच्या वायफायवरून त्यानं कंपायलरला थेट टॅबवरच्या त्याच फोल्डरचा पत्ता दिला. आणि त्यानंच पूर्वी एक सोय करून ठेवली होती: नवं ठेवण्याआधी ती जागा रिकामी करायची. सोय चुकीची नव्हती. आपणही अढी लावायच्या आधी मागच्या खेपेचं गवत आणि नासका आंबा काढूनच टाकतो. फक्त या अढीत बापाचा आवाज होता, ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

चित्रं ठसठशीत मोठी आली. सखाभाऊंनी एकावर बोट ठेवलं. मग बोट लुंगीला पुसून पुन्हा ठेवलं. मग दुसऱ्या चित्रावर. संदेशनं टॅब ओढून घेतला तेव्हाच त्यांना कळलं असावं, कारण ते उठले आणि जाळ्याची फाटकी बाजू शिवायला बसले.

पुसलेलं परत काढायला ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारांनीही हात टेकले. संदेश आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"काका, त्यांनी मला शिवी घातली असती तर बरं होतं," तो म्हणाला. "तीसुद्धा त्यातच होती."



सखाभाऊंनी बंदर सोडलं. पडवीत रस्त्याकडे पाठ करून बसायचे. बाबू इंजिनाचं विचारायला आला, त्याला नुसता हात हलवून घालवला. यंत्राचा तयार आवाज घालून देतो म्हणून संदेशनं ऐकवला, तर त्यांनी त्या आवाजाकडे असं पाहिलं की त्यानं तो बंद केला.

उरलं होतं ते मथुरावहिनींच्या फोनमध्ये. टॅब चार्जिंगला असला की घरात अडू नये म्हणून संदेशनं त्यांच्या फोनसाठी एक लहान बांधणी वेगळी केली होती, आणि तिच्यात आवाज आतच गुंडाळलेले होते. मोजकीच वाक्यं, सगळी बायकोशी बोलायची. संदेशनं फोन मागितला. वहिनींनी तो पदराखाली धरला.

"हे बंदरावर न्यायचं नाय," त्या म्हणाल्या. "हे माझ्याशी बोललेलं हाय."

आणि हेही गेलं तर, हे त्या बोलल्या नाहीत. संदेशनं पुन्हा मागितला नाही. पण बाबू दुसऱ्यांदा येऊन तसाच परत गेला, तेव्हा वहिनी दारातून त्याच्या पाठीकडे पाहत होत्या. त्या आत गेल्या आणि फोन आणून मुलापुढे ठेवला.

"घे. पण तुझं ते बांधलेलं कुठं जाऊन पडणार, ते आधी मला वाचून दाखव."

त्यानं नवं, कोरं फोल्डर काढलं. आवाज वेगळ्या जागी, त्यांच्या नकला पेनड्राइव्हवर, आणि एक माझ्या फोनमध्ये. आमच्याकडे आलेली गोष्ट आळीत पसरल्याशिवाय राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं पत्ता वाचला, एकेक फोल्डरचं नाव सावकाश घेत. वहिनींना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. सखाभाऊ जाळं खाली ठेवून ऐकत होते. वहिनींनी मान हलवल्यावरच त्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सखाभाऊ बंदरावर गेले. मी मागोमाग होतोच. बाबू टोपल्या उतरवत होता, मिशा भिजलेल्या. सखाभाऊंनी टॅबवर बरंच शोधलं, मग बोट ठेवलं.

"अगो, जेवलीस काय?"

तो जुना आवाज बंदरभर गेला. खलाशी थांबले. बाबूनं टोपली खाली ठेवली.

"जेवलो, तांडेल," तो म्हणाला. "तुमचं काय?"

सखाभाऊंनी दुसरं चित्र दाबलं. "औषध घेतलंय, ओरडू नको."

कोणी हसलं नाही. सखाभाऊच हसले, खांदे हलवत, आवाज न करता.

बातमी घेऊन मी धावत मथुरावहिनींकडे. पहिलं कुठलं दाबलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग बाबू काय म्हणाला?"

"जेवलो म्हणाला."

 वहिनी म्हणाल्या, "बरं झालं," आणि सखाभाऊंसाठी भात टाकायला आत गेल्या.