लखनचा आवाज

पाच आठवड्यांपूर्वी, सकाळी दहाच्या सुमारास, मी स्टुडिओत बसून कुणाच्या तरी लग्नातल्या रुसलेल्या मामाला व्हिडिओतून कापत होतो, तेव्हा अकोल्याहून वर्षाचा फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच... मी चहा घेऊन गेली तं..." वर्षा म्हणजे प्रल्हादभाऊंची मुलगी. खोटं कशाला लिहू, मला आधी हायसं वाटलं. नऊ महिने अंथरुणाला खिळलेला माणूस सुटला, असं आपल्याकडे म्हणतात, आणि तेवढं म्हणायला कुणाची हरकत नसते. पण माझं हायसं वाटणं वेगळं होतं. भाऊ गेले तेव्हा आमच्या दोघांत काही खोटं उरलेलं नव्हतं. ते उरलं असतं तर दोष सर्वस्वी माझा असता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी अमरावतीत लग्नांचे व्हिडिओ काढतो. पन्नाशीत मला सिनेमा काढायचं खूळ लागलं. तोही साधासुधा नाही, विज्ञानपट! कसल्याशा साथीत माणसं बहुतेक संपली आहेत, बैलांना बुद्धी आणि वाचा फुटली आहे, आणि उरलीसुरली सात माणसं आता त्यांच्या औताला जुंपली आहेत, अशी कथा. माणसं म्हणून माझे मित्र तयार होते, उजाड झालेलं जग म्हणून धामणगावचं कापसाचं एक बंद जिनिंग मिळालं होतं. बैल तेवढे मिळेनात, कारण जिथे जावं तिथे दारात ट्रॅक्टर. तिवस्याजवळच्या एका गावात एक जोडी अजून आहे असं कळलं म्हणून गेलो, तर गोठ्यासमोर बाजेवर प्रल्हादभाऊ बसलेले. मी अर्धा तास हातवारे करून कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "मंग यात नवीन काय हाय? बैलाले अक्कल आधीपासूनच हाय." तरी बैल दिले. लखन आणि हिरा. लखन पांढरा, थोराड, कपाळावर भोवरा असलेला. तोच माझ्या सिनेमातला बैलांचा राजा झाला.

बैल बोलतो आहे असं दाखवायचं तर त्याचं तोंड हलायला हवं. पहिल्या दिवशी मी लखनला गुळाचे खडे चारत बसलो. दोन तासांत त्याने अर्धा किलो गूळ खाल्ला आणि कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून शेपटी हलवली. भाऊ हे सगळं बाजेवरून पाहत होते. शेवटी त्यांनाच राहवेना. "फोटोवाले, कावून त्या मुक्या जीवाले तरास देऊन राहिले? पोट भरून बसला का रवंथ करते तो. तवा तो बोलतच असते, तुमाले ऐकू येत नाई." मग आम्ही रोज दुपारी, लखन कडुनिंबाखाली बसला की, कॅमेरा लावून वाट पाहायचो. रवंथ करणाऱ्या बैलाचा जबडा आडवा फिरतो, मध्येच थांबतो, घास खाली जातो, नवा वर येतो... माझे भारदस्त पल्लेदार संवाद त्यात मावेनात. मी वऱ्हाडातलाच, पण कॅमेऱ्यामागे उभा राहिलो की मला पुण्याचं मराठी सुचतं. भाऊंनी ते कागद वाचून विचारलं, "तुमचा बैल कोन्या कॉलेजात शिकला?" आणि मग लखनकडे पाहत, त्याच्या जबड्याच्या चालीने, त्यांनी एक वाक्य म्हणून दाखवलं. मध्ये थांबा, मग दोन शब्द, पुन्हा थांबा. बैल खरंच बोलत होता! त्याच संध्याकाळी मी लखनचा आवाज म्हणून भाऊंना पक्कं केलं.

दोन हिवाळे आम्ही काम केलं. ते दिवस फार सुखाचे गेले. मला नकला करायची जुनी खोड आहे, आणि भाऊंची नक्कल मी इतकी छान करू लागलो की अंगणातून मी "अवं, पानी आन जरा" म्हटलं की भाऊंच्या पत्नी सुमनवहिनी तांब्या घेऊन बाहेर येत, आणि मला पाहून, "तुमच्या तोंडाले काय म्हनाव," करत परत जात. भाऊ खो खो हसत. माझा आवाज वहिनींना फसवायला पुरतो, याची तेव्हा फक्त गंमत वाटायची.

खटका उडाला तो शेवटावर. माझ्या शेवटात राजा बैल उरलेल्या सातही माणसांना समोर उभं करतो, पिढ्यान्‌पिढ्यांचे आसूड आठवतो आणि त्यांना हाकलून देतो, मरा म्हणतो. भाऊ स्टुडिओत माइकसमोर बसले, कागद वाचला आणि खाली ठेवला. "हे मी नाई बोलत. लखन असं बोलनच नाई." मी म्हणालो, "भाऊ, हा लखन नाही, हा राजा आहे." "राजा तुमचा असन. बैल माहा हाय." मग काय बोलेल तो, असं विचारल्यावर ते म्हणाले की पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून, शेकून त्यांना जेवणाचं आमंत्रण देतो ना, वर्षभर जू ओढून खांदा सोलवटलेला असतो म्हणून... अक्कल आलेल्या बैलाला माणसाचा सोलवटलेला खांदा दिसला तर तो हेच करेल, दुसरं काय करेल? मला ते भाबडं वाटलं. "सिनेमा म्हणजे तुमचा गोठा नाही," असं मी बोलून गेलो. ते उठले, चप्पल घातली आणि तिवस्याच्या बसला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः माइकसमोर बसलो आणि त्यांच्या आवाजात ते मरणाचं वाक्य म्हटलं. हुबेहूब जमलं. शेवटी नावांच्या पाटीवर मात्र ‘लखनचा आवाज : प्रल्हादभाऊ’ असंच ठेवलं. होळीच्या सुमारास कळलं की भाऊंना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि वर्षाने त्यांना अकोल्याला नेलं. ते ऐकून माझ्या मनात आलेला पहिला विचार आजही मला सांगवत नाही, पण सांगतो : आता ते कुणालाच सांगू शकणार नाहीत की हा माझा आवाज नाही. त्यानंतर कित्येक दिवस मला माझीच शिसारी येत होती. अकोला काय लांब आहे? पण पाच महिने मी गेलो नाही.

श्रावणात लग्नं नसतात, त्यामुळे सबब उरली नाही. वर्षाचे फोन चालूच होते, की बाबांना सिनेमा दाखवा. गेलो तो नेमका पोळ्याचा आदला दिवस होता. सुमनवहिनी गावी होत्या. लखन-हिराला आमंत्रण द्यायला घरचं कुणीतरी हवंच, म्हणून भाऊंनीच त्यांना खुणा करून पाठवलेलं. वर्षाच्या घरी स्टुलावर मातीचे दोन बैल आणि वाटीत हळद-तूप होतं. भाऊ दिवाणावर उशीला टेकून बसले होते. ‘हो’ आणि ‘पानी’ यापलीकडे त्यांना शब्द येत नव्हता. लॅपटॉपवर सिनेमा सुरू झाला, आणि बाबा पाहतात कसे ते आईला दाखवायचं म्हणून वर्षा मोबाइलवर त्यांचं शूटिंग करू लागली. लखन दिसला की भाऊंचा चेहरा फुलायचा. मग ते वाक्य आलं. वर्षा म्हणाली, "बाबा, काय झकास बोलले तुमी!" भाऊंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नव्हे.

"भाऊ, तो आवाज तुमचा नाही. मी काढला," मी म्हणालो. वर्षाचा मोबाइल धरलेला हात खाली आला, शूटिंग मात्र चालूच राहिलं. भाऊंनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती. त्यांनी बोटं वाटीत बुडवली, माझ्या शर्टावरूनच खांद्याला हळद-तूप चोळलं आणि सावकाश, थांबत थांबत, पण अख्खं वाक्य म्हणाले, "आज... आवतन घ्या... उद्या जेवाले... या." वर्षा रडायला लागली. मीही रडलो. दर पोळ्याला बैलांना म्हणतात तेच हे आमंत्रण; असं पाठ झालेलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्या माणसाला त्या पाच महिन्यांत कितीतरी वाक्यं म्हणायची असतील, आणि जे एक आलं ते त्याने मला दिलं.

वर्षाच्या मोबाइलमधला तो आवाज मी घेतला. पंख्याची घरघर काढली, भाऊंचा श्वास ठेवला. लखनच्या जबड्यावर तो बसवताना काहीच सरकवावं लागलं नाही. माझं वाक्य कायमचं पुसून टाकलं, आणि त्याजागी आधी जुंपलेल्या माणसाच्या सोलवटलेल्या खांद्याचं दृश्य जोडलं. नवा शेवट वर्षाला पाठवला. तो पाहून भाऊ बराच वेळ मान हलवत होते आणि मग शांत झोपले, असं तिने कळवलं. त्या रात्री मीसुद्धा कित्येक महिन्यांनी नीट झोपलो. त्यानंतर ते तीन महिने जगले. मी चारदा जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी हसत परत आलो.

गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या गावच्या मंगल कार्यालयात, खिडक्यांना सतरंज्या लावून, सिनेमा दाखवला. लोकांनी लखनला टाळ्या दिल्या, जुंपलेल्या माझ्या मित्रांना हसून घेतलं. सुमनवहिनी पहिल्या रांगेत होत्या. नवा शेवट त्यांनी पाहिला नव्हता. बाबा बोलले, असं वर्षाने सांगितलेलं त्यांना पटलं नव्हतं; मोबाइलमध्ये तेव्हा नुसती जमीन दिसत होती, आणि आवाज तर मीही काढू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. लेकीची माया आहे, म्हणाल्या होत्या. पडद्यावर माणसाचा सोललेला खांदा आला, मग लखनचं तोंड, आणि तो थांबत थांबत आलेला आवाज. लोक उठू लागले, पण वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी मागे वळून मला हाक मारली.

"फोटोवाले भाऊ, खरं सांगा. हा ह्याईचाच आवाज हाय? का तुमी काढला?"

"नाई वयनी," मी म्हणालो. "त्याईचाच हाय."

त्यांनी पदर तोंडाशी धरला, आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करून नीट बसल्या.

"मंग अजून एक डाव लावा," म्हणाल्या.