खान आप्पा

लढाईला उभं राहण्याआधी रंगनाथ आप्पा माझा शेला बांधून द्यायचे. मी किल्लेदार, ते खान. थोड्या वेळाने मी त्यांना भर मैदानात तलवारीने मारणार असायचो, आणि ते माझ्या कमरेशी वाकून गाठ घट्ट करायचे, माझी पगडी सरळ करायचे, माझ्या तलवारीवरून अंगठा फिरवून ती बोथट असल्याची खात्री करून घ्यायचे. सगळं मनासारखं झालं की पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मारताना भ्यायचं नाय शेठ. मी पडणार हाय, ते ठरलेलं हाय." मारणाऱ्यालाच धीर देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचा एक गट होता. "होता" लिहिताना बरं वाटत नाही, पण आता तसंच लिहायला हवं. आम्ही नाशिकची साधी माणसं. कोणी कारखान्यात, कोणी बँकेत, माझं पंचवटीत हार्डवेअरचं दुकान. रविवारी सकाळी मात्र आम्ही रामशेजच्या पायथ्याशी जमून ढाल-तलवारीचा सराव करायचो, आणि वर्षातून एकदा, थंडीत, किल्ल्याला पडलेला वेढा लोकांसमोर उभा करायचो. रामशेज म्हणजे दिंडोरीकडे जाताना दिसणारी एक बुटकी टेकडी. बाहेरगावच्या माणसाला दाखवली तर तो विचारतो, "हा किल्ला?" पण याच टेकडीवरच्या मूठभर लोकांनी बादशाही फौजेला वर्षानुवर्षं दाद दिली नव्हती. मी त्यांचा किल्लेदार झालो ते पराक्रमामुळे नव्हे. गटात भरघोस मिशा माझ्या एकट्याच्याच होत्या.

आप्पा आमच्यात आले ते आम्हाला हाकलायला. मैदानाच्या कडेला त्यांची द्राक्षबाग होती आणि आमची पोरं त्यांच्या बांधावरून धावत होती. आप्पा काठी घेऊन आले. उंच, रापलेले, नखांत फवारणीच्या मोरचुदाचा निळा रंग बसलेला. आले ते बांधावरच थबकले आणि बराच वेळ आमचा सराव बघत राहिले. मग आमच्या प्रमुखांना, देवरे सरांना, म्हणाले, "अहो, एवढं जोरात मारताय, पण मारताय कोणाला?"

प्रश्न बिनतोड होता. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे, पण ही अडचण इतिहासातली नव्हती. गटात येणाऱ्या प्रत्येकाला मावळा व्हायचं असायचं. बादशाही फौजेत जायला कोणी राजी नसायचं, त्यामुळे आमचे शूर मावळे हवेवर वार करत होते. सरांनी ही अडचण सांगितली. आप्पांनी काठी बांधाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "मग मी उभा राहतो की. कोणी तरी उभं राहायलाच पायजे."

त्या दिवसापासून ते खान झाले, आणि त्यांच्या मागोमाग दोन-चार पोरंही खानाच्या फौजेत आली. दाढी वाढवली. माझ्या दुकानातल्या वॉशरचं चिलखत त्यांनी बायकोकडून ओवून घेतलं. गावात त्यांना लोक खान आप्पा म्हणू लागले. एसटीचा कंडक्टर "या खानसाहेब" म्हणायचा, लग्नपत्रिकेवरही कंसात "खान आप्पा" लिहून यायचं. ते हसून घ्यायचे. पण खेळात कोणी खानाची टिंगल केली की मात्र त्यांचा पारा चढायचा. एकदा एका पोराने सुचवलं की खान घाबरून पळताना अडखळून पडतो असं दाखवू, लोक पोट धरून हसतील. आप्पा म्हणाले, "हसतील ना. मग घरी जाऊन म्हणतील, असल्या बावळटाशी लढायला काय लागतंय? खान हलका केला का किल्ला हलका होतो, बाळा."

लढण्याची खरी खुबी मला त्यांनीच शिकवली. मी पहिल्या वर्षी नुसता घामाघूम होऊन तलवार फिरवत होतो. ते म्हणाले, "तुम्ही नीट उभे राहा शेठ, बाकी माझ्यावर सोडा. वार मारणाऱ्याचा नसतो, झेलणाऱ्याचा असतो." आणि खरंच, माझी तलवार त्यांच्या खांद्यापासून वीतभर लांब असायची, पण ते असे हेलपाटून मागे जायचे, की गर्दीतल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मग गुडघा टेकून, एक हात मातीत रोवून, सावकाश आडवे व्हायचे. शिंग वाजेपर्यंत पापणीही हलायची नाही. लोक टाळ्या मला द्यायचे, आणि मीही निर्लज्जपणे घ्यायचो.

पण आप्पांच्या मनात एक सल होता आणि तो गटात सगळ्यांना ठाऊक होता. सरांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं, की खरा सरदार काही रामशेजवर मेला नाही. किल्ला घेता आला नाही, म्हणून वेढा उठवून परत गेला. आम्ही त्याला मारत होतो ते लोकांना पडलेला खान बघायला आवडतो म्हणून. हे ऐकल्यापासून आप्पांनी सरांचा पिच्छा पुरवला. "सर, एक साल तरी खरं करू ना. त्याला परत जाऊ द्या."

"आप्पा, लोकांना काय दिसणार त्यात?"

"काय म्हणजे? मेला तो सुटला. परत जाणाराला घरी जाऊन तोंड दाखवावं लागतं. त्याने जाता जाता किल्ल्याकडे बघितलं आसंल ना एकदा? मला तेवढं करायचंय."

सर दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. आणि आप्पा दरवर्षी मरायचे.

शेवटी कामी आला तो डॉक्टर. सत्तरीला टेकल्यावर आप्पांच्या मणक्याने कुरकुर सुरू केली. फोटो काढून डॉक्टरांनी बजावलं की यापुढे आदळआपट बंद, पडायचं तर मुळीच नाही. आप्पा तो फोटो घेऊन सरांकडे गेले, लग्नाचा आहेर घेऊन जावा तसे. "आता तर डागदरच म्हणतोय, खान पडायचा नाय." सरांनी हात टेकले.

त्या वर्षीची लढाई मी विसरणार नाही. झटापट झाली, तुतारी झाली, आणि शेवटी मी आप्पांसमोर तलवार उगारून उभा राहिलो. गर्दी ओरडत होती, "मार! मार!" मी तलवार खाली घेतली. आप्पांनी आपल्या जखमी शिपायाला खांद्याचा आधार दिला आणि वळले. थोडं चालून थांबले. किल्ल्याकडे वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान लववली, अगदी थोडी, आणि बागांच्या मधल्या वाटेने चालू लागले. माझ्या शेजारी उभा असलेला मावळा, चांगला दणकट पोरगा, डोळे पुसत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा किल्ला उंच वाटला. टाळ्या मागाहून आल्या, आणि त्या माझ्या नव्हत्या.

चार दिवसांत मोबाइलवर त्याचा तुकडा फिरू लागला. वेढा नाही, लढाई नाही. फक्त मी तलवार खाली घेतो आणि खान निघून जातो, एवढंच. ती झुकलेली मानही कापलेली. वर कोणी तरी लिहिलं होतं, "किल्लेदाराने खानाला सोडून दिलं. हाच तुमचा इतिहास?" पुढचं सांगायला नको. दुकानात फोन येऊ लागले. सर पुस्तकांतले दाखले काढून दाखवायचे, पण ज्यांना राग आला होता त्यांना दाखले नको होते. आप्पांच्या दारावर रात्रीतून कोणी शेण फेकून गेलं. त्यांच्या मुलाने हात जोडले, "आप्पा, मिटवून टाका. आपल्याला गावात राहायचंय."

मारुतीच्या देवळात बैठक झाली. मी आणि सर आप्पांच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. समोरची पोरं परकी नव्हती. त्यांतली निम्मी कधी ना कधी आमच्याकडे मावळे म्हणून येऊन गेलेली. त्यांचा पुढारी नम्रपणेच बोलला. "आप्पा, तुमच्याबद्दल आम्हाला आदर हाय. पण खान जिता जाऊ शकत नाय. तुम्ही चुकलो म्हणा, विषय संपला."

सर काही बोलणार होते. आप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः उठले. मणक्यामुळे उठायला त्यांना वेळ लागला.

"चुकलो," ते म्हणाले. "खान मरायला पायजे होता." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या साली मरतो."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. पुढाऱ्याने नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मी ते खोबरं खिशात टाकलं. एवढे वार त्यांनी झेलले होते, पण ते सगळे खोटे होते. हा खरा होता, आणि तोही त्यांनी तसाच उभ्याने झेलला. बाहेर येऊन मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही पडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. आपण खेळच बंद करू." ते म्हणाले, "आणि एवढी पोरं काय करतील रविवारी? खेळ ऱ्हाऊ द्या. बोललोय मी."

पुढच्या थंडीत ते आले. माझा शेला बांधला, पगडी सरळ केली, धार तपासली. पाठीवर थाप मात्र मारली नाही. मी मनात ठरवलं होतं की वार हळूच करायचा, म्हणजे त्यांना नुसतं टेकता येईल. पण आप्पा कसले नुसते टेकतायत. असे कोसळले, की वॉशरचं चिलखत खणखणलं. शिट्ट्या, घोषणा, गुलाल, नुसता धुरळा. त्या धुरळ्यात शिंग वाजलं तरी आप्पा उठेनात. मी धावत जाऊन खाली वाकलो.

"आप्पा, लागलं का? हात द्या."

त्यांनी डोळे उघडले. "लागलं नाय. थांबा जरा शेठ," म्हणाले. "पडलेलंच बरं वाटतंय."

मी तसाच त्यांच्याजवळ मातीत बसून राहिलो. लोक भोवताली फोटो काढत होते.

एप्रिलमध्ये, बागेची छाटणी चालू असताना, आप्पा गेले. ध्यानीमनी नसताना गेले. दहाव्याला रामकुंडावर गटातली सगळी मंडळी होती. देवळातल्या बैठकीचा पुढारीही आला होता. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आमच्या आप्पांसारखा खान होणे नाय." तो मनापासून बोलत होता, हीच पंचाईत होती. मला त्याच्यावर चिडताही येईना.

दिवाळीनंतर आम्ही दुकानात बसलो. मावळे व्हायला हवे तेवढे हात वर आले. खान म्हटल्यावर सगळे चहाच्या कपात बघू लागले. मी म्हटलं, मी होतो खान, पण माझा खान परत जाणार. कोणी नाही म्हणालं नाही, आणि कोणी हो म्हणालं नाही. देवरे सर चष्मा पुसत राहिले. त्या वर्षी लढाई झाली नाही, आणि मग रविवारही सुटले.

त्या थंडीत, एरवी ज्या दिवशी खेळ असायचा त्या दिवशी, मला दुकानात चैन पडेना. मी आप्पांच्या घरी गेलो. काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मला पाहून आत गेल्या, चहा केला. मी काही विचारलं नव्हतं. त्याच बोलू लागल्या.

"भाऊ, तुमच्या खेळाला मी एकदाबी आले नाय. नवऱ्याला मरताना बघायला कोण जाईल? पण घरी सराव करायचे ना. वटीवर, बागेत, जिथं जागा सापडंल तिथं पडायचे. मी म्हणायची, उठा आता, भाकर गार होतीये. म्हटलं का उठायचे." त्यांनी लसणाची पाकळी उगाचच बोटात फिरवली. "त्या दिशी बागेत तसेच पडले. गुडघा टेकला, हात मातीत रोवला, आन् आडवे झाले. मी लांबून बघत व्हते. मला काय माहीत? मी उभीच ऱ्हायले, भाऊ. म्हटलं, उठतील आता."

बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता. आता मुलगा बघतो सगळं.

"तुम्ही त्यांना परत जाऊ दिलं ना, ते साल," काकू म्हणाल्या. "त्या दिशी काय केलं त्यांनी, तुम्हाला म्हणले का कधी?"

मी नाही म्हटलं.

"मैदानातून निघाले ते थांबलेच नाय. तसेच बागांमधून चालत घरी आले. ते चिलखत, ती पगडी, दाढीला सगळी माती. दारात उभे ऱ्हायले. मी म्हटलं, अगं बाई, हे काय ध्यान? तर माझ्याकडं बघून असे हसले, लहान पोरावानी, आन् म्हणले, 'हरलो गं. पण आलो का नाय घरी?'"