भट्टीवर कोण आहे?

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय! लंच टाइम संपायला पाऊण तास आहे आणि मी डबा न उघडता टाइप करत बसलेय, तेव्हा चुका दिसल्या तर सोडून द्या.

झालं काय, आमच्या ऑफिसात सगळ्यांना सध्या फुटबॉलचं वेड लागलंय. कुणी इंग्लंडच्या क्लबचा, कुणी स्पेनच्या. आज एकाने मला विचारलं, "तू कुठल्या क्लबची?" मी म्हटलं, "सातपूरच्या." सगळे हसले. त्यांना वाटलं मी जोक मारला! अरे, मी दुसरीत असल्यापासून त्या क्लबची आहे, बावीस खेळाडू मैदानात असताना मला ताप आलाय, आणि तुम्ही हसता?

तर ऐका.

सातपूरला आमच्या कॉलनीच्या तीन गल्ल्यांचा मिळून एक क्लब होता. बहुतेक सगळे एमआयडीसीतले कामगार. जिल्ह्याच्या लीगमध्ये वरच्या गटात खेळायचे आणि दरवर्षी कसेबसे टिकायचे. मॅच रविवारी, गावातल्या मैदानावर. आणि इथेच गोची होती, कारण पप्पांच्या कंपनीची सुट्टी शनिवारी! रविवारी कंपनी जोरात चालू.

आमचा गोलकीपर पप्पांच्याच कंपनीत, पप्पांच्याच भट्टीवर कामाला होता. सुरगाण्याकडचा, उंच, काटक, बोलायला अगदी कमी. भट्टी म्हणजे गिअर तापवून कडक करतात ती. तिचा एक नियम आहे, लहानपणापासून घरात ऐकत आलेय मी: आत माल असताना दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही. भोंगा होवो, आग लागो, काहीही होवो.

रविवारी गोलकीपर काका फर्स्ट शिफ्टला, साडेतीनपर्यंत. मॅच तीनला. मग ते मैदानात कसे यायचे? पप्पांमुळे! पप्पांची सेकंड शिफ्ट साडेतीनला सुरू व्हायची, पण मॅचच्या रविवारी ते दोनलाच जाऊन भट्टीवर उभे राहायचे. काका सुटायचे, मोटरसायकलला किक मारायचे आणि मैदानात. सहा वर्षं हे असं चाललं होतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणी कुणाला सांगितलेलं नाही, पप्पा आपले दोनला जायचे.

म्हणजे बघा, क्लबचा सगळ्यात मोठा सपोर्टर कोण, तर माझे पप्पा. आणि त्यांनी सहा वर्षांत एकही मॅच बघितलेली नव्हती. एकही नाही!

मॅच बघायची मी. "तू जा, नीट बघ, आणि मला येऊन सांग." हे माझं काम. मॅच संपली की कुणाच्या तरी गाडीवर बसून, आणि पाचवीनंतर स्वतःच्या सायकलवर, मी कंपनीच्या गेटवर. साडेपाचला चहा व्हायचा. पप्पा गजांच्या आत चहाचा ग्लास घेऊन, मी बाहेर. आणि पप्पांची एक कडक अट: स्कोर आधी सांगायचा नाही. पहिल्या शिट्टीपासून क्रमाने सांगायचं. हळूहळू आणखी चार-पाच जण ऐकायला जमायला लागले. वॉचमन काकांना धीरच धरवायचा नाही.

"अगं पोरी, निदान जिंकले का हरले ते तर बोल!"

"नाही. क्रमाने."

"ही बापाच्या वर आहे," ते म्हणायचे.

आता तो रविवार. मी आठवीत होते. सीझनची शेवटची मॅच, समोर गावातल्या कॉलेजची टीम. आम्हाला निदान बरोबरी हवी होती. हरलो तर खालच्या गटात. आणि खालच्या गटात गेलो तर क्लब बंद, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण कॅप्टनच तसं बोलला होता. सगळे तिशीच्या पुढचे, गुडघे गेलेले, घरी बायका वैतागलेल्या. खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कोण करणार?

म्हणून टीमने ठरवलं की निदान ही मॅच तरी पप्पांनी बघायची. शेवटची ठरली तर? पप्पा नको नको म्हणत होते. शेवटी भट्टीवरचे त्यांचे दोस्त, विंचूरचे काका, म्हणाले, "सेकंड मी करतो राव. तुम्ही जा पोरीला घेऊन. लय झालं तुमचं." शिफ्टची बदली झाली. सुपरवायझरची सही झाली.

पप्पांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मैदानात! धुळीत! मोपेडवरून आम्ही अडीचलाच पोहोचलो. पप्पा चुन्याच्या रेषेच्या बाहेर एकदम अवघडून उभे, लग्नात मुलीकडच्यांच्या पंगतीत चुकून बसल्यासारखे. मी त्यांना दाखवत होते, हा कॉर्नर, इथे आपले बसतात, तिथे दगड आहे म्हणून तिकडून कुणी पळत नाही. त्यांना सगळं माहीत होतं, माझ्याच तोंडून. "तो दगड हा होय," असं ते म्हणाले, देवळात गेल्यासारखे.

पावणेतीनला कॅप्टन आला. "गोलकीपर कुठंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. एरवी अडीचला हजर असायचे. पप्पांनी घड्याळ बघितलं. मग सातपूरच्या रस्त्याकडे.

"विंचूरवाल्याला दोनला जायचं सांगितलं ना कुणी?" पप्पा म्हणाले.

कॅप्टन म्हणाला, "तुम्ही सांगितलं असेल ना?"

"मला वाटलं तुम्ही."

"मग भट्टीवर कोण आहे?"

कोण असणार! गोलकीपर काकाच! विंचूरच्या काकांची ड्युटी कागदावर साडेतीनची. ते बिचारे साडेतीनलाच जाणार, टायमावर. दोनला जायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, ते फक्त पप्पांच्या पायांना माहीत होतं. आणि गोलकीपर काका तिथे भट्टीपुढे वाट बघत उभे असणार, आत माल, हलता येत नाही.

मोबाइल कुणाकडे होता तेव्हा? आणि कंपनीत फोन करून तरी काय, भट्टीवर उभं राहायला दुसरा माणूस नको?

पप्पा वळले. सरळ मोपेडकडे. मी मागे पळाले. "मी पण येते!"

"तू इथेच थांब. सगळं बघ," ते म्हणाले, आणि गेले. मॅच सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती. सातपूर वीस मिनिटांवर. मी तिथेच हिशोब केला आणि मला रडू यायला लागलं, कारण काका लवकरात लवकर आले तरी अर्धा हाफ गेलेला असणार, आणि पप्पा तर येणारच नव्हते.

रेफ्री थांबायला तयार नव्हता. यादीत नाव आहे तर आला की घ्या आत, म्हणाला. आम्ही दहा जणांनी सुरुवात केली. गोलमध्ये कोण? आमचा बचावातला स्टॉपर, कॉलनीतला रंगारी. त्याला ग्लोव्हज नीट बसेनात.

कॉलेजची पोरं काठावरून ओरडायला लागली, "काका, बीपीची गोळी घेतली का?"

आमचा कॅप्टन पळता पळता म्हणाला, "तुझा अभ्यास झाला का रे?" पण हसलं कुणीच नाही.

दहाव्या मिनिटाला गोल बसला. लांबून मारलेला, साधा, टप्पा पडून आलेला. रंगारी काकांनी अडवलाही होता, पण हातातून निसटून मागे गेला. ते जाळीत तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मी तेव्हा नखं खात नव्हते, मी ओढणीचं टोक खात होते, घरी आईने ते नंतर दाखवलं.

गोलकीपर काका आले तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. त्यांच्या मोटरसायकलवर नाही, पप्पांच्या मोपेडवर! त्यांची गाडी नेमकी त्या दिवशी पंक्चर. कंपनीच्या पँटीवरच जर्सी चढवली, तोंडाला काजळी. माझ्या हातात मोपेडची चावी दिली आणि म्हणाले, "पप्पा भट्टीवर हायेत. नाय काळजी करायची." आणि आत गेले.

हाफ टाइमपर्यंत शून्य-एक.

आता माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. साडेतीनला विंचूरचे काका आले असणार. म्हणजे पप्पा सुटले असणार! पण येणार कशाने? मोपेडची चावी तर माझ्या मुठीत. बस रविवारी कधी येते कधी नाही. चालत? मग झालंच.

सेकंड हाफ सुरू झाला आणि मी काय करत होते सांगू? मी रस्त्याकडे बघत होते. मॅचची पाठ माझ्याकडे की माझी पाठ मॅचकडे, कळत नव्हतं. आयटीआय सिग्नलकडून येणारा प्रत्येक सायकलवाला मला पप्पा वाटत होता. एक दूधवाला. एक पेरूवाला. आणि तेवढ्यात मागून जी काही बोंब उठली!

गोल झाला होता. आमचा! एक-एक! सगळे एकमेकांच्या अंगावर, आणि मी वळून बघेपर्यंत बॉल जाळीतून बाहेर काढत होते. सहा वर्षांत एकही गोल सोडला नव्हता मी.

शेवटची सात-आठ मिनिटं राहिली असतील तेव्हा पप्पा आले. विंचूरच्या काकांच्या सायकलवर, उताराने आले तरी घामाने निथळत, इस्त्रीच्या शर्टाचा पार बोळा. सायकल आडवी टाकली. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"स्कोर सांगू नको!"

"पप्पा, समोर बघा ना, चालूच आहे!"

त्यांनी एकदा बघितलं. कॉलेजवाल्यांना तेव्हाच कॉर्नर मिळाला होता आणि आमच्या गोलपुढे नुसता गोंधळ. पप्पा झटकन वळले आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मला नाही बघवत," ते म्हणाले. "तू सांग. पहिल्यापासून."

"अहो आत्ता? इथे?"

"पहिल्या शिट्टीपासून."

मग काय करता! डोळे मैदानावर आणि तोंडाने मी दीड तासापूर्वीचं सांगतेय. "दहा जणांनी सुरुवात केली, गोलमध्ये रंगारी काका..." आणि समोर गोलकीपर काकांनी कॉर्नर मुठीने उडवला. "कॅप्टनने उजवीकडे दिला..." आणि समोर कॉलेजचा एक बुटका पोरगा आमच्या दोघांना चकवून आत शिरला. "थांबा!" मी ओरडले. पप्पांनी भिंतीला दोन्ही हात टेकवले. काका पुढे झेपावले, बॉल त्यांच्या छातीवर आपटला, सुटला, पुन्हा त्यांनी त्याच्यावर अंग टाकलं. बुटका त्यांच्यावरून उडून पलीकडे पडला.

"हं, पुढे," पप्पा भिंतीला म्हणाले.

"पुढे... दहाव्या मिनिटाला..." मी म्हटलं.

शिट्टी वाजली तेव्हा मी अजून फर्स्ट हाफमध्येच होते! मैदानात आरडाओरडा, सगळे धावत आमच्याकडे. पप्पांनी कानावर हात ठेवले. खरंच! "कुणी बोलायचं नाही!" ते ओरडले. "तिचं होऊ द्या!"

आणि विश्वास ठेवा, धुळीने माखलेली ती सगळी माणसं गप्प उभी राहिली. कॅप्टन गुडघा धरून खाली बसला. गोलकीपर काकांच्या कोपराला रक्त, तरी गप्प. मी सांगत गेले. आमच्यावर झालेला गोल सांगितला तेव्हा रंगारी काकांनी मान खाली घातली. पप्पा म्हणाले, "टप्पा पडून आला ना? तो कुणाच्या हातात राहत नाही." हाफ टाइम सांगितला. आणि मग आमच्या गोलापाशी आले आणि थांबले.

"पुढे?"

"आपला गोल झाला. पण मी... बघितला नाही."

"नाही बघितला? मग कुठे होतं लक्ष?"

"रस्त्याकडे. तुम्ही येताय का ते बघत होते."

पप्पा पहिल्यांदा भिंतीपासून वळले. मला वाटलं रागावणार. त्यांनी फक्त गोल मारणाऱ्याकडे बघून हनुवटी हलवली, म्हणजे तू सांग. आमचा तो विंगर, एरवी शिव्यांशिवाय वाक्य नाही, त्याने माझ्यासमोर एकही शिवी न देता आख्खा गोल सांगितला, जिथून पास आला तिथपासून. पुढचं मी घेतलं. कॉर्नर, मूठ, बुटका, छाती, शिट्टी.

"एक-एक," मी म्हटलं.

पप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे राहिलो आपण वरच."

"राहिलो," कॅप्टन म्हणाला, आणि मग जो काही दंगा झाला तो मला लिहिता येत नाही, कारण मी त्यात तळाशी होते.

क्लब पुढे चार वर्षं चालला. पप्पा पुढच्याच सीझनपासून पुन्हा दोनला भट्टीवर. मी चिडले तर म्हणाले, "मला तिथूनच बरं दिसतं."

लंच टाइम संपला, बॉस बघतोय! पण जाण्याआधी एक सांगा: तुमच्याही घरी असं कुणी आहे का, ज्याला मॅच बघवत नाही, कुणीतरी सांगावीच लागते? आणि तुमच्याकडून कधी नेमका तोच गोल बघायचा राहिलाय का?