उसातली टिकटिक

फौजेत मी सिग्नलचं काम केलं. कानावर आलेल्या प्रत्येक आवाजावर आधी संशय घ्यायचा, ही तिथली सवय पेन्शनीत आल्यावरही सुटली नाही. सांगलीत फिजिक्स शिकणाऱ्या माझ्या मुलीने पलूसजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याचा मोठा कर्णा बसवला आणि त्याला लॅपटॉप जोडला, तेव्हा मी स्क्रू आवळून दिले, पण मनातून विश्वास नव्हता. तिला आकाशातल्या हायड्रोजनच्या लहरी पकडायच्या होत्या. दुसऱ्या ग्रहावर कुणी बोलत असेल तर याच लहरींच्या आसपास बोलेल, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं म्हणे.

एका संध्याकाळी ती जिन्यातून ओरडली, "पप्पा, लवकर वर या!"

पडद्यावर सारख्या अंतराने रेघा उमटत होत्या. सेकंदाला साधारण एक.

"इतकं नेमकं कोण वाजवतंय?" तिने विचारलं.

"काही तारेबी असंच वाजवत्यात, तूच म्हणालीवतीस," मी म्हणालो. तिचं तोंड उतरलं.

मी तिला रोजची वेळ लिहायला लावली. तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो. टिकटिक आकाशातली असती तर तीही रोज तेवढीच आधी आली असती. पण ती रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सुरू व्हायची, म्हणजे घड्याळ बघून कुणी माणूसच ती चालू करत होता. मग कर्णा आकाशाकडून खाली आणून सगळीकडे फिरवला आणि समोरच्या, माझ्या चुलतभावाच्या उसाकडे वळवला. रेघा ठळक झाल्या.

आम्ही बांधावर गेलो तर चुलतभाऊच आडवा आला. "आदी तुमी गच्चीवर काय लावलंय ते सांगा. माझ्या घरातलं बोलणं ऐकताय व्हय?"

"न्हाई वो काका, परग्रहावरचं," मुलगी म्हणाली. त्याला ते आणखीच खोटं वाटलं.

बऱ्याच वादानंतर त्याने आम्हाला उसात नेलं. रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून त्याने कडेने तार ओढून तिला सेकंदाला एक विजेचा झटका देणारं झटका मशीन लावलं होतं. रोज सहाला चालू करायचा. एका लोखंडी खांबावरचं, तार खांबापासून अलग ठेवणारं प्लास्टिकचं बूच फुटून तार खांबाला लागत होती आणि तिथे ठिणगी उडत होती. टक्. टक्. त्या ठिणगीच्याच लहरी आमच्या कर्ण्यात येत होत्या. खाली वाळलेलं पाचट.

"गड्या, पेटलं असतं की रं सगळं!" मी म्हणालो. त्याने धावत जाऊन मशीन बंद केलं.

बूच बदललं, रेघा गेल्या. पुढच्या आठवड्यात पडद्यावर दुसरीच एक रेघ दिसली. मुलीने मला हाक मारली नाही. आधी खाली जाऊन फ्रीज बंद केला, मग मोबाइलचा चार्जर काढला. रेघ गेली. तिने वहीत वेळ लिहिली आणि वही मिटली. ती पहिल्यासारखी ओरडली नाही, याचं मला वाईट वाटलं.