कमरेएवढं पाणी

जालिंदरमामांना टीव्हीवरच्या पोलिसांचा जेवढा धक्का बसायचा, तेवढा खऱ्या चोरांनाही खऱ्या पोलिसांचा बसत नसेल.

मामा आमच्या गावच्या दूध संस्थेत शिपाई. संस्थेच्या हॉलमध्ये टीव्ही होता, आणि दुपारी चारला आदल्या दिवशीची गुन्ह्याची मालिका परत लागायची. संध्याकाळच्या दुधाला अजून वेळ असायचा. मी बी.ए. होऊन घरी बसलेला. पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघायला म्हणून जायचो आणि मामांना बघत बसायचो. मालिकेपेक्षा तेच बघण्यासारखे होते.

इन्स्पेक्टरनं रुमालात धरून सुरा उचलला की मामा खुर्चीतून अर्धे उठायचे. "आरं, खिशात घातला! पंच कुठंयत? पंचाबिगर हातच कसा लावला यानं?" रक्ताचा रिपोर्ट एका फोनवर आला की कपाळाला हात. "आपल्याकडं मेलेल्या बैलाचा कागद यायला साल लागलं." खुनी पिस्तूल रोखून पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायला लागला की म्हणायचे, "ह्याला घाई न्हाई का काई?" एकदा मेलेल्या माणसाचा जुळा भाऊ निघाला. मामांनी टीव्ही बंद केला तो दोन दिवस लावला नाही.

एवढा राग यायचा, कारण मामा स्वतः पंच होते. गुन्ह्याच्या जागी काय दिसलं, काय सापडलं, हे जमादार लिहितो आणि ते डोळ्यांनी बघितल्याची सही गावातल्या दोघांनी करायची. त्या दोघांतला एक पंचवीस वर्षं ठरलेला. संस्था कायम उघडी, मामा कायम जाग्यावर, सही वळणदार. "माझी सही कोर्टात चालते," असं ते सांगायचे, आणि सांगताना शर्टाची बटणं नीट करायचे.

२०१९च्या मार्चात त्यांना कोर्टाचं समन्स आलं. केस २०१३ची, त्या सालच्या मोठ्या दुष्काळातली. संस्थेच्या हौदावरची मोटार चोरीला गेली होती आणि कॅन धुणाऱ्या बंकटला धरलं होतं. तो जामिनावर सुटला; पण सहा वर्षं दर तारखेला हातातला कोयता टाकून ऊसतोडीवरून यायचा आणि परत गेला की मुकादमाच्या शिव्या खायचा. आता निकाल मामांच्या साक्षीवर येऊन थांबला होता. मामांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

त्याच आठवड्यात मालिकेत दुष्काळी गाव दाखवलं. भेगाळलेली जमीन, हंडे घेतलेल्या बाया, आणि गावाबाहेरच्या विहिरीत तरंगणारं प्रेत. विहीर काठोकाठ भरलेली!

मामा पूर्ण उठले. "आगागा! बाया हंडे घेऊन कुठं चालल्यात मग? दोन कोसावर टँकर अन् हितं विहीर तुडुंब? लिवणाऱ्यानं दुष्काळ बघितलाय का कधी?"

मी म्हटलं, "मामा, मुंबईत नळाला येतं. त्यांना काय माहीत?"

दाराशी दुधाची किटली घेऊन पारूबाई उभी होती, बंकटची बायको. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या कागदात बी व्हतंच की, भाऊ. कमरेएवढं."

"कोणच्या कागदात?"

"सही केलेल्या. तुमी वाचला न्हाई?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघितलं.

दूध घालून ती घरी गेली आणि वकिलानं दिलेली झेरॉक्स घेऊन आली. मी मोठ्यानं वाचली. आरोपीने आम्हा पंचांसमक्ष नाल्याकाठच्या विहिरीत उतरून, कमरेएवढ्या पाण्यातून मोटार काढून दिली. विहिरीच्या पूर्वेस बाभळीचे झाड आहे. खाली मामांची वळणदार सही.

२०१३च्या मे महिन्यात त्या विहिरीवर दगड उपसायची यारी लावलेली होती. सुरुंग लावून खडक फोडत होते आणि खालून नुसती भुकटी वर येत होती. हे गावाला माहीत होतं, मामांना तर होतंच. सही त्यांनी संस्थेच्या टेबलावर केली होती, तेव्हा मोटार पोलिसांच्या जीपमध्ये होती. जमादारानं कुठल्यातरी चांगल्या पावसाच्या सालातला जुना पंचनामा समोर ठेवून हा कागद उतरवून काढला होता.

"बाभळ," मामा म्हणाले, "रस्ता झाला तवाच तोडली व्हती." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सहीवर बोट ठेवलं. मग, "मी किती सह्या केल्या रे. त्यात काय काय आसंल?"

"जुळा भाऊ नसला म्हणजे बरं," मी म्हटलं. ते हसले नाहीत. मलाही नंतर ते वाक्य गिळून टाकावंसं वाटलं.

चेअरमन माणिकरावांनी निरोप पाठवला : मोटार संस्थेची, पगार संस्थेचा, कागदात आहे तेवढंच बोला.

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"सही माझी हाय साहेब," मामा म्हणाले. "पाणी माझं न्हाई."

जज साहेबांनी चष्मा काढला. मामांनी यारी सांगितली, बाभळ सांगितली, जीप सांगितली. घाम पांढऱ्या शर्टातून बाहेर आला होता.

"मग न वाचता सही का केली?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"जमादार म्हणले, मामा, हितं. म्या केली."

पंच फितूर, असं वकिलांनी जाहीर करून घेतलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मामा खरं बोलले होते आणि त्याला कोर्टाच्या भाषेत हा शब्द आहे, हे ऐकून मी थक्क झालो.

मे महिन्यात बंकट निर्दोष सुटला. मामा पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. पारूबाईनं पेढे घेतले, खाली ठेवले. "सहा सालं गेली भाऊ," ती म्हणाली. "सही करताना टीव्ही न्हवता का?"

मामांची नोकरी राहिली, कारण तेवढ्या पगारात दुसरा कोण येणार. पण चारची मालिका त्यांनी सोडली. मी लावली तरी पाठ करून कॅन मोजत बसायचे.

जूनमध्ये जमादार आला, नवा, तरणा. शेळी चोरीची केस होती. टेबलावर कागद ठेवला. "मामा, हितं."

मामांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, मग टोपी घातली. "चला."

"कुठं?"

"गोठ्यावर. कागदात म्हणलंय, आमी तिथं गेलतो."

"मामा, दोन किलोमीटर हाय. ऊन बघा बाहेर."

"मग आसं लिवा, ऊन लई व्हतं म्हणून कोणी गेलं न्हाई."

जमादारानं कागद उचलला आणि समोरच्या हॉटेलात गेला. तिथं रोज बसणारा गावातला धुळाजी चहा पीत होता. त्यानं काही विचारलं नाही. कप बाजूला सारून टेबल पुसलं आणि पेनासाठी हात पुढं केला, त्याच्यामागून हॉटेलवाल्यानं.

टीव्हीवर तेव्हा जाहिराती चालू होत्या. त्या संपायच्या आत गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा संपला.