नावं ठेवणाऱ्यांच्या बाजूनं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात, शाहूपुरीत लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान टाकलं. एक संगणक, एक प्रिंटर आणि जगातल्या सगळ्यात दांडग्या कंपनीचं सॉफ्टवेअर. दुसरं घ्यायची सोयच नव्हती, कारण ज्याला फाइल पाठवायची त्याच्याकडेही तेच असायचं. समोर कॉम्प्युटर क्लास चालवणारा माझा मित्र मला सुनवायचा, "त्याच्यावरच पोट भरतंय की तुझं! मग नावं कशाला ठेवतोस?" ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असा त्याचा हिशेब. मी काही टाळी वाजवली नाही.

का ते सांगतो. आमचा तेव्हाचा मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर बसवलेला होता. लहान के दाबला की क, मोठा दाबला की ख. लहान डी म्हणजे द, मोठा म्हणजे ध. पडद्यावर मराठी दिसायचं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते चुकलेलं इंग्रजी. म्हणून ते सगळ्या मजकुराखाली लाल नागमोडी रेघा मारायचं आणि गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "ह्या रेघा छापून येत्यात काय वो?" तेवढंही चाललं असतं. पण टिंब दिसलं की वाक्य संपलं असं ठरवून ते पुढचं अक्षर परस्पर मोठं करायचं. आणि आमच्या पत्रिकेत टिंबांना काय तोटा? सौ. काकींच्या सौ. खाकी व्हायच्या, जि. कोल्हापूरचं जि. खोल्हापूर. ही खोड बंद करता यायची, पण ती बंद करायची जागा इंग्रजी मेनूंच्या पोटात दडवलेली, आणि नवी आवृत्ती घातली की स्वारी पुन्हा हजर. न विचारता सुधारायला येणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे.

नवी आवृत्ती घातली होती आणि तिच्यात ती जागा मला अजून सापडली नव्हती, त्याच आठवड्यात कोडोलीचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले. इचलकरंजीत मागावर कामाला होते. घर बौद्ध, त्यामुळे नावाआधी श्री. नाही, आयु. लिहायचं, म्हणजे आयुष्मान. खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले.

"आयु. इसरू नका, पावणं," ते म्हणाले. "गावात जलमभर माझ्या नावाला 'या' लावूनच हाक मारली लोकांनी. एकदा तरी धड छापून येऊ दे."

नाव द-नं सुरू होणारं. पहिली प्रत निघाली, त्यात ध. मी दुरुस्त करून पुन्हा काढली. पुन्हा ध. पेशव्यांच्या वाड्यात ध चा मा करणारीला निदान आपण काय करतोय ते माहीत होतं. हे मदत म्हणून चाललं होतं. त्यांनी नावावर बोट ठेवलं.

"ह्यो बी नाव बदलतोय की."

मला इतकी शरम आणि इतका राग एकदम कधी आला नव्हता. मी समजावलं, की नावाचा दोष नाही, आयु. पुढच्या टिंबामुळे यंत्राचा घोटाळा होतोय.

"मग आयु. काढा की," ते म्हणाले. "नाव तरी नीट ऱ्हाईल."

मी काढलं नाही. बिनटिंबाचं, आयुष्मान असं पूर्ण टाइप केलं, तेव्हा कुठे द जागेवर राहिला.

मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "कंपनीनं मुद्दाम केलंय काय ते?" नाही केलं. मुद्दाम केलं असतं तर आपण या जगात आहोत एवढं तरी तिला ठाऊक होतं असं म्हटलं असतं. ज्या मानासाठी तो माणूस जन्मभर थांबला होता तो एका टिंबापायी परत द्यायला तयार झाला, आणि कंपनीच्या लेखी ती स्पेलिंगची दुरुस्ती होती.