बँडवरची फुगडी

सुर्ल्याच्या शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला फक्त पेटी वाजवता यायची. माझं माहेर इब्रामपूर; देवळातल्या भजनांत बसून जे कानावर पडलं तेच माझं शिक्षण. पहिल्याच आठवड्यात हेडसरांनी कोठीचं दार उघडलं. आत ढोल, बिगूल, चार ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट. सगळ्यावर गावाजवळच्या खाणीची तांबडी धूळ.

"बाई, बँड आता तुमच्याकडे."

"सर, मी ह्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही."

"संगीतच ना ते?" ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात देऊन निघून गेले.

पणजीच्या एका कॉलेजात आयुष्यभर बँड शिकवलेले एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मेस्त, म्हणजे मास्तर, म्हणत. दर शनिवारी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायला लागले. मांडवीचा पूल कोसळलेला, त्यामुळे बेतीला बस सोडून फेरीबोटीने पलीकडे जायचं. पाण्यावर ऊन पसरलेलं असायचं, इंजिनाची धडधड अंगात भिनायची, आणि डोळे मिटले की मी शिकायला चालले आहे की शिकून परतते आहे, तेच कळेनासं व्हायचं.

मेस्तांचे दात पडले होते. वाजवणं संपलं होतं. ते सगळी वाद्यं तोंडाने गाऊन दाखवत. मी हात हलवून ताल देऊ लागले की थांबवत.

"बाय, हात कित्याक हालयता? उस्वास घे. भुरगीं तुज्या उस्वासाक पळयतात."

मुलं माझ्या श्वासाकडे बघतात, हे मला खरं वाटेना.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीच्या हिवाळ्यात डिचोलीच्या मैदानावर शाळांचा कार्यक्रम ठरला. राजभाषेच्या वादाने आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा दोन टेबलं झाली होती. एका टेबलावर कोंकणीवाले, दुसऱ्यावर मराठीवाले. चहासुद्धा वेगळा. कुठलं गाणं बसवायचं यावर दोन्हीकडून चिठ्ठ्या यायला लागल्या. मी त्या पर्समध्ये ठेवत गेले.

एका शनिवारी मेस्तांसमोर मी सहज आमच्या गावच्या बायकांची गणपतीच्या चवथीतली फुगडी गुणगुणली. त्यांनी पेन्सिल उचलली. "परत म्हण." तीनदा म्हणायला लावलं आणि कागदावर ट्रम्पेटसाठी लिहून दिली.

तालीम ऐकून हेडसर विचारात पडले. "हे मराठी की कोंकणी?"

"सर, ह्याला शब्दच नाहीत."

ते मुलांच्या पायांकडे बघू लागले. मग म्हणाले, "पायांचा ताल सांभाळा."

त्या सकाळी मैदानावर धुकं होतं. समोरची माणसं नुसती पांढुरकी दिसत होती, जणू कुणी अर्धवट पुसून ठेवलेली. मी हात खालीच ठेवले आणि छाती भरून श्वास घेतला. समोर अठ्ठावीस मुलांच्या छात्या एकदम वर आल्या. मग ट्रम्पेट वाजले. दुसऱ्या ओळीत क्लॅरिनेट चुकलं, पण ढोलाने सावरून घेतलं. बाजूला बसलेल्या बायकांमधून कुणीतरी फुगडी घालताना करतात तसं "फू" केलं, मग दुसरीने, आणि ओळखीचं हसू धुक्यातून पसरत गेलं. आमची दोन्ही टेबलं तिथे शेजारी-शेजारी उभी होती. दोन्हीकडचे पाय हलताना मी पाहिले.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी बँडच शिकवला. दुसऱ्या शाळांच्या शिक्षिका माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या.

त्या पहिल्या कार्यक्रमानंतरच्या शनिवारी मेस्तांना सगळं सांगितलं, चुकीसकट. टाळ्यांबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

"आनी भुरगीं? उपरांत कितें केलें तांणीं?"

"पावभाजी खाल्ली. दोन-दोनदा मागून घेतली. मग बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपली."

ते बोळकं पसरून हसले. "भूक लागली न्हय? उस्वास भरून घेतलो तांणीं. तर बरें वाजयलें."